छत्र्यांच्या बोळात

ताईच्या घरात शिरताना पोट आत ओढून घ्यायचं असतं, एवढं धाकट्याला ठाऊक होतं. पण मध्ये बरीच वर्षं गेली होती. त्या वर्षांत बोळ अरुंद होत गेला होता आणि पोट रुंद, आणि दोघांनीही एकमेकांना कळवलं नव्हतं. त्यामुळे दारातून आत आल्यावर जिथे बोळ डावीकडे वळतो, तिथे एका बाजूला लोखंडी कपाट आणि दुसऱ्या बाजूला छताला टेकलेल्या छत्र्या, अशा अवस्थेत धाकटा थांबला. थांबला म्हणजे, त्याला थांबवण्यात आलं.

“अहो, या ना पुढे,” बायको वळणापलीकडून म्हणाली.

“येतोय.”

“कुठे येताय? आवाज तिथूनच येतोय.”

“मी अडकलोय.”

आणखी पुढून लेकीचा आवाज आला, “आई, काय झालं?”

“तुझे बाबा अडकलेत.”

“कशात?”

“घरात.”

आणि मग सगळ्यात आतून, जुन्या कपड्यांच्या आणि रबराच्या वासातून वाट काढत ताईचा आवाज आला. “हलू नकोस म्हणावं चिमणला. डाव्या कोपराशी निळी दांडी आहे ना, ती ओढलीस तर सगळं अंगावर येईल.”

धाकट्यानं डाव्या कोपराकडे पाहिलं. निळी दांडी होती. त्याचं वय साठीला टेकलं होतं आणि वजन नव्वदीला, गावभरच्या तोंडांत त्यानं बनवलेल्या कवळ्या हसत होत्या, पण या घरात तो अजून चिमण होता. अंग आवळलेलं असतानाही त्याला ते बरं वाटलं. ताईचा आवाज छपराखाली ऐकून किती काळ झाला होता. एरवी ती त्याला खाली फाटकाजवळच्या बाकावर भेटायची, वारा असला तरी, ऊन असलं तरी. “वर जागा नाही रे,” म्हणायची, जणू जागा परगावी गेलीय.

आज ताईची तपासणी होती.

झालं असं की मागच्या आठवड्यात तिच्या शेगडीशेजारच्या मफलरांच्या गाठोड्यानं पेट घेतला. ताईनं पाण्याचं पातेलं ओतून आग विझवली, उरलेल्या मफलरांना वारा घातला, आणि मग स्वतःला चहा ठेवला. पण धूर खिडकीतून खालच्या मजल्यावर गेला आणि सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. त्यांनी दारातून आत पाहिलं, आणि एवढंच विचारलं की हे घर आहे की गोदाम, आणि यात माणूस कोणतं. त्यानंतर चक्रं फिरली. ही बाई आपलं आपण ठरवू शकते का, हे एकदा कुणीतरी जाणत्या माणसानं येऊन बघावं, असं ठरलं. ठरवू शकत असेल तर तिचं म्हणणं शेवटचं. नसेल तर घरच्यांनी ठरवायचं.

ताई नापास व्हावी, अशी धाकट्याची मनापासून इच्छा होती. इतकी, की त्यानं स्वतःच्या घरातल्या मागच्या खोलीला रंग दिला होता. कालच पलंगही टाकला होता. उशाशी येईल असा दिवा आधीच बसवला होता, आणि रोज संध्याकाळी तो दिवा लावून पाहायचा, मग बंद करायचा. ताई त्या पलंगावर बसलीय, आपण समोर खुर्चीत, आणि ती विचारतेय की तुझ्या आजच्या कवळ्या कुणाच्या. याच्यापलीकडे त्याच्या डोक्यात काही नव्हतं. सेक्रेटरीचं काय, आगीचं काय, ती सगळी नुसती निमित्तं होती.

“डॉक्टर, तुम्ही बसा ना,” लेक आत म्हणाली.

“कुठे?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हा प्रश्न त्या घरात यापूर्वी अनेकांनी विचारला होता आणि आजवर त्याचं उत्तर निघालं नव्हतं. शेवटी लेकीनं एक सुटकेस आडवी केली आणि बाई तिच्यावर टेकल्या. धाकट्याला हे दिसत नव्हतं. बायको वळणावर उभी राहून त्याला सांगत होती.

“बसल्या. बॅग मांडीवर घेतलीय. खाली ठेवत नाहीयेत.”

“का?”

“तुमच्या ताई बॅगेकडे बघतायत.”

ताईचं सगळं आयुष्य बस आगारातल्या त्या एका खिडकीत गेलं होतं. प्रवासी बसमध्ये काय काय विसरून जातात ते तिथे जमा व्हायचं, आणि ताई ते सांभाळायची. छत्र्या, डबे, एकेकटे हातमोजे, चष्मे, एकदा एक सनई, एकदा कुणाचे तरी वडील. (वडील त्याच संध्याकाळी नेले. सनई राहिली.) मग आगाराच्या साहेबांच्या लक्षात आलं की आजकाल लोक फक्त फोन हरवतात आणि फोन कुणी परत करत नाही. खिडकी बंद झाली. सामान भंगारात जाणार म्हटल्यावर ताईनं हातगाडीच्या खेपा करून ते घरी आणलं. तात्पुरतं. मालक येईपर्यंत.

“खरं तर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मला यांच्याशी एकांतात बोलायला हवं. घरच्यांनी जरा बाहेर थांबाल का?”

“थांबलो असतो,” बायको म्हणाली, “पण दाराच्या वाटेत हे आहेत.”

“कोण?”

“माझे यजमान. अडकलेत.”

“मग त्यांना आधी काढायला हवं.”

“त्याला वेळ लागेल,” ताई म्हणाली. “राहू दे, ऐकू दे सगळ्यांना. माझी हरकत नाही. चिमणला तर लहानपणापासून दाराआडून ऐकायची सवय आहे.”

बाईंनी तिला पुन्हा एकदा विचारून घेतलं, खरंच चालेल ना, मधेच नको वाटलं तर सांगाल ना. ताई हो म्हणाली. मग बाई म्हणाल्या, “मी काही तुमची परीक्षा घ्यायला आलेली नाही.”

“ही म्हणायची पद्धत असते,” ताई म्हणाली. “विचारा.”

“मागच्या आठवड्यात आग लागली होती ना. पुन्हा लागली, रात्रीची लागली, तर काय होईल असं तुम्हाला वाटतं? तुमच्या शब्दांत सांगा.”

“मी मरेन.”



“धुरानं आधी,” ताई पुढे म्हणाली. “रबर आहे ना, छत्र्यांचं नाही, गमबुटांचं. ते फार काळा धूर देतं. दाराशी पोचायच्या आत मी पडेन. मग खालचे. सेक्रेटरी वाचतील, ते दाराजवळ झोपतात.”

“आणि हे थोड्या वेळानं मी पुन्हा विचारलं तर आठवेल तुम्हाला?”

“तुम्हाला आठवेल का?”

बाई हसल्या की नाही ते धाकट्याला दिसलं नाही. त्याच्या मानेवरून घामाचा थेंब ओघळला आणि तो पुसायला हात वर येत नव्हता. ताईला सगळं कळत होतं. हे त्याच्या योजनेत नव्हतं. त्यानं घसा साफ केला.

“डॉक्टर, मी काही सांगू का?”

“हा आवाज कुठून आला?”

“कपाटाच्या मागून,” लेक म्हणाली. “बाबा.”

“डॉक्टर, ती शेगडीशेजारी मफलर ठेवते. एकेका पायाचे बूट ठेवते. रस्त्यात पडलेला हातमोजा उचलून घरी आणते आणि वाट बघते. हे काय नॉर्मल माणसाचं लक्षण आहे?”

“शेगडीजवळचं आता सगळं हलवलंय, बाबा,” लेक म्हणाली. “आम्ही दोघींनी. तिनं सांगितलं तसं.”

लेक दर शनिवारी यायची. मोठी टॅक्सी चालवायची ती, सामानाची, पण आत्याच्या घरातलं सामान एकदाही तिनं आपण होऊन उचललं नव्हतं. दोघी एक पिशवी घेऊन बसायच्या, एकच, आणि तिचे तीन ढीग करायच्या. पहिला, मालक येईल. दुसरा, मालक बहुतेक येईल. तिसरा, मालक वारला असेल तर त्याचा मुलगा येईल. चौथ्या ढिगाचं नाव अजून ठरत नव्हतं. पण चौथा ढीग नुसता सुचवला तरी पूर्वी ताई पिशवी छातीशी धरून उठायची. आता ती बसून राहायची. लेकीच्या मते ही प्रगती होती. धाकट्याच्या मते हा वेडेपणा होता, आणि तो वेडेपणा ताईच्या शेजारी मांडी घालून करायला मिळतो म्हणून लेकीचा हेवा वाटण्यासारखा होता.

“तुमचं काय मत?” बाईंनी बायकोला विचारलं.

धाकट्याला हायसं वाटलं. हा भाग त्यांनी घरी बसवला होता. बायकोनं वर्षानुवर्षं जेवताना जे सांगितलं होतं तेच सांगायचं होतं, नुसतं जरा हळू आवाजात.

“ताई ना?” बायको म्हणाली. “ताई अतिशय हुशार आहेत.”

“काय?” धाकटा म्हणाला.

“मला तर नेहमी वाटतं, घरात सगळ्यांत डोकं कुणाचं असेल तर ताईंचं. स्मरणशक्ती काय, टापटीप काय. बघा ना, छत्र्या कशा रंगांनुसार लावल्यात.”

“अगं, परवा काय म्हणत होतीस?”

“परवा पलंग आला नव्हता.”

धाकट्याला आता उलगडा झाला. ताईनं यावं असं बायको इतके दिवस म्हणत आली होती, कारण ताई येणार नाही याची तिला खात्री होती. काल हमालांनी पलंग वर चढवला, तिनं त्या पलंगाकडे पाहिलं, पलंगाच्या मागच्या रिकाम्या भिंतीकडे पाहिलं, आणि त्या भिंतीला टेकून छतापर्यंत गेलेल्या छत्र्या तिला साफ दिसल्या.

“तुमच्या घरी जागा आहे का पण?” बाईंनी विचारलं.

“आहे ना. निम्म्या जागेत यांचे जबडे आहेत.”

“जबडे?”

“प्लास्टरचे साचे,” धाकटा कपाटामागून म्हणाला. “कवळी तुटली तर पुन्हा करायला लागतात. टाकून कसे चालतील?”

“त्यातली किती माणसं अजून हयात आहेत?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

धाकट्यानं विचार केला. “काही,” तो म्हणाला.

आत लेक हसली, आणि तिच्यामागोमाग ताई हसली. ताईचं हसणं खालून वर चढायचं, जिना चढल्यासारखं, आणि वरच्या पायरीवर पोचलं की खोकल्यात मोडायचं. धाकट्याला ते पाहायचं होतं. त्यानं डोकं थोडं पुढे काढलं आणि एक छत्री त्याच्या कानाशी उघडली.

तेवढ्यात कुठेतरी खोलवर फोन वाजायला लागला.

“कुठाय फोन?” लेक म्हणाली.

“लाल सुटकेस,” ताई म्हणाली. “तिच्यावर हातमोज्यांचं पोतं. पोत्यामागे टोप्यांची टोपली, त्यात तळाशी. वायर ओढू नकोस, वायरीवर चष्मे टांगलेत.”

चौथ्या की पाचव्या घंटीला लेकीच्या हाती फोन लागला. बायकोनं धाकट्याला सांगितलं की डॉक्टरीणबाई लिहून घेतायत.

फोन मधल्याचा होता. मधला म्हणजे दोघांमधला भाऊ, जो वडिलांच्या आजारपणात धाकट्याशी भांडून निघून गेला तो गेलाच. दुसऱ्या शहरात वकिली करायचा. तो आता कुणाशीच संबंध ठेवत नाही, अशी धाकट्याची समजूत होती, आणि त्या समजुतीत एक प्रकारचा दिलासा होता.

“हां, बोल रे,” ताई म्हणाली. “नाही, आज रविवार नाही, मला माहितीय, तपासणी म्हणून केलास होय. खोकला कसा आहे? आणि गुडघा? रविवारी म्हणालास तो लेप लावलास का?”

धाकट्यानं जमेल तेवढी मान वळणाकडे वळवली.

“तो दर रविवारी फोन करतो?” त्यानं बायकोला विचारलं.

बायकोनं पुढे विचारलं. लेकीनं मागे कळवलं, “हो म्हणे. कायम.”

“स्पीकरवर टाक मला,” फोनमधून मधल्याचा मोठा आवाज आला, आणि ताईनं टाकलं. वकिलाचा आवाज, जो स्वतःच स्वतःला हरकत घेत नाही. “डॉक्टर, माझ्या बहिणीला तिच्या घरातून हलवायचं नाही. कुणाच्या मागच्या खोलीत तर मुळीच नाही.”

“तू ये ना मग इथे!” धाकटा ओरडला. छत्र्या थरथरल्या. “येऊन बघ! फोनवरून काय सांगतोस?”

“कोण बोलतंय?”

“मी.”

“कुठून?”

“बोळातून.”

“कुठल्या बोळातून?”

“आलास तर कळेल ना!”

“तू आहेस ना तिथे,” मधला म्हणाला, “मग तू काय करतोयस?”

याचं उत्तर ‘अडकलोय’ असं होतं आणि धाकट्यानं ते दिलं नाही. त्याला एकच गोष्ट कळली होती. मधल्याला रविवार मिळत होता, कारण फोनला बसायला जागा लागत नाही.

ताईनं मधल्याला लेप लावायला सांगून फोन ठेवला. मग बाई सुटकेसवर जरा पुढे सरकल्या असाव्यात, सुटकेस करकरली.

“आता अवघड विचारते,” त्या म्हणाल्या. “इथे धोका आहे हे तुम्हाला कळतं. भावाच्या घरी खोली तयार आहे, हेही कळतं. दोन्ही बाजू तराजूत टाकून सांगा. काय करायचंय तुम्हाला?”

 धाकटा श्वास धरून होता. तसाही पूर्ण श्वास घेण्याइतकी जागा नव्हती.

“चिमणचं घर चांगलं आहे,” ताई म्हणाली. “उजेड आहे. वहिनीच्या हाताला चव आहे. तिथे मी जास्त वर्षं जगेन, हे मला कळतं. धुरानं मरणार नाही. दिवसभर पलंगावर बसेन, आणि कुणी आलं की चिमण सांगेल, ही माझी ताई. मग तो माणूस हो का म्हणेल आणि पुढे जाईल.” ती थांबली. “आयुष्यभर मी न्यायला न आलेल्या वस्तू पाहिल्यात, डॉक्टर. त्या कशा दिसतात मला माहितीय. सगळ्या स्वच्छ पुसलेल्या असतात, फळीवर नीट ठेवलेल्या. तिथे मी तशी होईन. इथे मी निदान खिडकीच्या आतल्या बाजूला आहे.”

धाकट्याच्या डोळ्यांसमोर तो उशाशी ठेवलेला दिवा आला.

“आणि धोका?” बाई म्हणाल्या.

“धोक्याचं तुम्ही सांगा काय करायचं. छत्र्या सोडून बोला.”

“आज मी छत्र्यांबद्दल बोलतच नाहीये. एकेका छत्रीचं ठरवायला तुम्हाला किती त्रास होतो ते मला दिसतंय. त्याला मदत मिळते, सावकाश, पुढे बघू. आज फक्त वाट. शेगडीभोवती काही नको. छताला धुराची घंटा. आणि बिछान्यापासून दारापर्यंत स्ट्रेचर जाईल एवढी मोकळी वाट.”

“स्ट्रेचर केवढं असतं?” लेकीनं विचारलं. “म्हणजे बाबा मावले की झालं, असं धरायचं का?”

“चिमणचं माप धरू नका,” ताई म्हणाली. “तो दर वर्षी बदलतो. काठी घ्या, काठीनं मोजा.”

आणि ती तयार झाली. वाट करायची, पण वाटेतलं काही घराबाहेर जाणार नाही, वर रचायचं नाही, इथल्याच मागच्या खोलीत न्यायचं. आणि प्रत्येक वस्तू कुठे ठेवली ते तिला सांगायचं. बाईंनी तिच्याकडूनच सगळं पुन्हा वदवून घेतलं. ताईनं सगळं बरोबर सांगितलं, वर धुराच्या घंटेची बॅटरी कोण बदलणार ते विचारलं, जे बाईंच्या लक्षातून राहिलं होतं.

मग डॉक्टरीणबाई उठल्या, बॅग छातीशी धरून वळणापर्यंत आल्या. पहिल्यांदा धाकट्याला त्यांचा चेहरा दिसला. बारीक, दमलेला, कपाळावर कोळ्याचं जाळं.

“त्यांना समजतं, लक्षात राहतं, दोन्ही बाजू तोलता येतात, आणि सांगता येतं,” त्या म्हणाल्या. “कुठे राहायचं ते त्या स्वतः ठरवू शकतात. आणि त्यांनी ठरवलंय.”

“पण डॉक्टर, हे शहाणपणाचं आहे का?”

“अजिबात नाही. पण शहाणपण तपासायला लागले तर मला खालच्या मजल्यापासून सुरुवात करावी लागेल.” मग त्यांचा आवाज उतरला. “तुम्हाला हवं ते उत्तर मी नाही देऊ शकले. तुम्ही खोली तयार केलीत, ते कळलं मला.”

धाकट्यानं मान हलवायचा प्रयत्न केला. 

त्याला काढायचं काम ताईनं आतूनच केलं, न बघता. “उजव्या हाताशी बांबूची मूठ असेल. ती ओढ, हळू. आता खालची करडी, कापड फाटलेली. ती नको, ती आधाराची आहे! तिच्या शेजारची. हां. आता मागे ये.” धाकटा सुटला, पण मागच्या बाजूलाच सुटला. पुढे जागा तेवढीच होती. दोन छत्र्या हातात धरून तो दारात उभा राहिला आणि बाकीचे एकेक करून त्याच्यापुढून बाहेर पडले. ताई मात्र आली नाही. ती वळणापलीकडेच थांबली. कपाटाच्या कडेला तिची बोटं तेवढी दिसत होती, छत्र्या परत घ्यायला पुढे केलेली.

त्यानं छत्र्या दिल्या. बोटं आत गेली.

“ताई,” तो म्हणाला. “मी कधी बसायला येऊ का?”

“बसशील कुठे रे?”

“ते स्टूल होतं ना. खिडकीतलं.”

आई गेली तेव्हा धाकटा शाळेत होता. शाळा सुटली की घरी कुणी नसायचं, म्हणून तो आगारात जायचा. ताई त्याला खिडकीच्या आत घ्यायची, स्टुलावर बसवायची, आणि तिची वेळ संपेपर्यंत तो लोंबते पाय हलवत लोकांच्या हरवलेल्या वस्तू ऐकत बसायचा. सगळ्या जगाचं काहीतरी हरवलं होतं आणि ते सगळे वाकून, केविलवाणे होऊन त्याच्या ताईला विचारत होते. त्याचं एकट्याचं काही हरवलेलं नव्हतं. तो आत होता.

“स्टूल हरवलंय?” वळणापलीकडून आवाज आला. तो आता चिमणच्या ताईचा नव्हता. सपाट, सभ्य, खिडकीचा होता. “खूण सांगा.”

जिन्यात उभी असलेली लेक वळली. आगाराचा नियम तिलाही पाठ होता. आधी वस्तू दाखवायची नाही. ज्याची असेल त्यानं खूण सांगायची, जी मालकालाच ठाऊक असेल, आणि ती जुळली तरच वस्तू द्यायची.

“लाकडी आहे,” धाकटा म्हणाला.

“लाकडी पुष्कळ असतात.”

“हिरवा रंग. बसचा असायचा तोच.”

“पुढे.”

“एक पाय आखूड. त्याच्याखाली काहीतरी घातलेलं असायचं.”

“काय?”

“पुठ्ठा.”

“नाही.”

“काडेपेटी?”

“नाही.”

“ताई, जन्म गेला त्याला!”

“खूण जुळत नाही,” ताई म्हणाली. “देता येणार नाही.”

“आत्या, दे ना गं,” लेक म्हणाली. “बाबांचंच आहे ते, तुला माहितीय.”

“माझंच आहे, असं सगळेच म्हणतात. आणि तुझ्या बाबाला तर मुळीच सूट नाही. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी तो इथून तीन टेम्पो भरून घेऊन गेला, एकाही वस्तूची खूण न सांगता.”

धाकट्यानं खाली पाहिलं. तेव्हा त्याला वाटलं होतं, ताई दवाखान्यातून येईल, मोकळी खोली बघेल, आणि आपण दोघं तिथे चहा घेत बसू. ताई आली, मोकळ्या खोलीच्या मधोमध थोडा वेळ उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी तिनं कुलूप बदललं. तेव्हापासून फाटकाजवळचा बाक.

“आठवलं की या,” खिडकीतला आवाज म्हणाला. मग जरा थांबून, “रविवारी नको. रविवारी फोन असतो. बाकी रोज चालू.”

“चालू म्हणजे? वर येऊ?”

“दारापर्यंत ये. दारापर्यंत तू मावतोस.”

सगळे जिना उतरायला लागले. डॉक्टरीणबाई पुढे निघून गेल्या. लेक खाली जाऊन गाडी काढायला लागली. बायको म्हणाली की पलंग परत घेतात का ते विचारायला हवं, आणि मग म्हणाली की नाही, राहू दे, राहू दे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर धाकटा कठडा धरून एकदम थांबला.

बूट. शाळेचा. त्याचाच.

पाय वाढला होता आणि बूट लहान झाला होता, आणि एका संध्याकाळी ताईनं आगाराच्या कात्रीनं त्या बुटाची टाच कापली होती, छोटीशी, काळी, एका बाजूनं झिजलेली, कारण तो पाय घासत चालायचा. ती तिनं स्टुलाच्या आखूड पायाखाली ठोकली. मग त्याला उचलून वर बसवलं आणि म्हणाली, हल आता किती हलतोस ते. आणि स्टूल हललं नाही.

म्हणजे ती टाच आत होती. लाल सुटकेसपलीकडे, टोप्यांपलीकडे कुठेतरी, सगळ्या जगाच्या छत्र्यांखाली. आणि कुठे आहे ते ताईला न बघता माहीत होतं.

त्यानं वर पाहिलं. दार अजून उघडं होतं. दोन जिने चढून जायचं आणि सांगायचं, एवढंच होतं. खूण जुळली असती. ताईनं लेकीकडून स्टूल बोळातून बाहेर आणवलं असतं, दारात त्याच्या हातात ठेवलं असतं, आणि संपलं असतं. वस्तू मिळाल्यावर खिडकीशी रेंगाळायचं नसतं; मागे रांग असते.

“काय हो?” बायको दोन पायऱ्या खालून म्हणाली. “का थांबलात? आठवलं का?”

“नाही,” धाकटा म्हणाला. “उद्या परत यावं लागेल.”